लिसा सू यांनी इंजिनिअरिंग नेमकं कधी सोडलं?

सायली_व्ही

नमस्कार मंडळी. मी पुण्यात चिप व्हेरिफिकेशनमध्ये आहे, म्हणजे चिप बनण्याआधी तिचं डिझाइन बरोबर आहे का ते तपासायचं. एम.टेक. झाल्यापासून हेच काम. परवा डायरेक्टरनी बोलावून सांगितलं की पुढच्या प्रोजेक्टला टीम तू सांभाळ, पद मॅनेजरचं. एप्रिलपर्यंत कळवायचं आहे.

घरी सगळे खूश आहेत. ऑफिसात मात्र दोन तऱ्हेचे सल्ले मिळाले. एक गट म्हणतो, मॅनेजर झालीस की एक्सेल आणि अप्रेझल, दोन वर्षांत वेव्हफॉर्म (चिपमधल्या सिग्नलचे आलेख) वाचायला विसरशील. दुसरा गट म्हणतो, बरं झालं, बायकांनी मॅनेजमेंटलाच जावं, टेपआउटच्या (डिझाइन पुरं करून कारखान्याकडे पाठवण्याच्या) रात्री जागण्यातून सुटका. दुसरं बोलणं मला जास्त लागलं, कारण बोलणारा माणूस वाईट नाही, त्याला खरंच माझं भलं केल्यासारखं वाटत होतं. वर त्याने दाखला दिला, "लिसा सू बघ. एमआयटीची पीएचडी, पण शेवटी इंजिनिअरिंग सोडलं म्हणूनच सीईओ झाली ना?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. शोधायला गेलं की त्यांच्या एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचा शेअर कुठून कुठे गेला हीच गोष्ट सगळीकडे. मला मधली वर्षं हवी आहेत. त्या कुठे काय काम करत होत्या, कुठल्या वळणावर काय निवडलं, आणि इंजिनिअरिंग सोडलं असेल तर नेमकं कधी? या क्षेत्रातल्या कुणी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल.

घाटवाट

मी शेअरबाजारातला माणूस, त्यामुळे माझ्या बाजूचं तेवढं सांगतो. लिसा सू ८ ऑक्टोबर २०१४ ला एएमडीच्या सीईओ झाल्या. तेव्हा शेअर तीन डॉलरच्या आसपास, कंपनीच्या डोक्यावर दोन अब्ज डॉलरहून जास्त कर्ज. त्याच महिन्यात सुमारे सात टक्के कर्मचारी कमी केले. पुढचं वर्ष आणखी वाईट. २०१४ ची विक्री साडेपाच अब्ज डॉलर होती, ती २०१५ ला चार अब्जांच्या आत आली आणि तोटा ६६ कोटी डॉलरचा. शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला होता. एएमडी बुडणार असं लिहिणारे विश्लेषक तेव्हा अडाणी नव्हते, ताळेबंदच तसा होता. २०२४ ची विक्री २५.८ अब्ज डॉलर.

मधलं मला सांगता येणार नाही. अनघाताई दिसल्या तर त्यांना विचारा, त्या फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्यात होत्या.

अनघा_सीएमपी

घाटवाट, आठवण ठेवलीत, आभार. सायली, लांबण लागेल, पण तू मधलीच वर्षं विचारली आहेस आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटतात.

माझी ओळख एका ओळीत देते. पुण्यात मेटलर्जी केलं, मग सिंगापूरला वूडलँड्समधल्या एका फॅबमध्ये बरीच वर्षं सीएमपीत, म्हणजे वेफर (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात ती) घासून सपाट करण्याच्या विभागात होते. तिथे माझ्या हाताखालून गेलेला जवळजवळ प्रत्येक वेफर तांब्याचा होता. म्हणून लिसा सू यांच्या कामाकडे मी तांब्याच्या बाजूने आले, शेअरच्या बाजूने नाही.

बालपणाचं सगळीकडे मिळतं, त्यात थांबत नाही. १९६९ चा तैनानचा जन्म, तीन वर्षांच्या असताना अमेरिकेत, वडील संख्याशास्त्राचे, आई हिशेबनीस आणि पुढे उद्योजक, शाळा न्यूयॉर्कची ब्रॉंक्स हायस्कूल ऑफ सायन्स. पण एमआयटीतली एक गोष्ट लक्षात ठेव. पदवीला असतानाच त्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी चाचणीचे वेफर तयार करायच्या. सिलिकॉनशी गाठ पडली ती क्लीनरूममध्ये, हाताने काम करताना. त्याच एमआयटीतल्या नॅनोच्या क्लीनरूमच्या इमारतीला, बिल्डिंग १२ ला, २०२२ पासून त्यांचं नाव आहे.

पीएचडी १९९४ ची. विषय सिलिकॉन-ऑन-इन्सुलेटर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या (चिपमधल्या सूक्ष्म स्विचच्या) खाली ऑक्साइडचा थर देऊन विजेची गळती कमी करायची. हे शुद्ध ट्रान्झिस्टरचं काम. काही महिने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काढले आणि १९९५ ला आयबीएमच्या संशोधन विभागात गेल्या.

आता तांबं. तोवर चिपमधल्या तारा ॲल्युमिनियमच्या असत. ट्रान्झिस्टर लहान आणि वेगवान होत गेले, पण तारा बारीक झाल्या की त्यांचा रोध वाढतो आणि सिग्नल तारेतच रेंगाळतो. तांब्याचा रोध ॲल्युमिनियमहून सुमारे ४० टक्के कमी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग वापरत का नव्हते? दोन कारणं. एक, ॲल्युमिनियम जसं प्लाझ्माने कोरता येतं तसं तांबं येत नाही. दुसरं जास्त घातक: तांबं सिलिकॉनमध्ये आणि ऑक्साइडमध्ये झिरपतं, आणि ट्रान्झिस्टरपर्यंत पोचलं की तो मेला. अगदी थोडं पुरतं.

पहिल्यावरचा उपाय घरातल्या वायरिंगसारखा आहे. भिंतीत आधी झिरी पाडायची, तिच्यात वायर टाकायची, वरून भरून सारखं करायचं. इथे ऑक्साइडमध्ये चर कोरायचा, विजेच्या मुलाम्याने तांबं भरायचं आणि वर आलेलं जादा तांबं घासून काढायचं. ते घासणं म्हणजे माझं काम. दुसऱ्यावरचा उपाय म्हणजे तांबं भरण्याआधी चराला आतून टँटलमसारख्या धातूचं अगदी पातळ अस्तर द्यायचं, जे तांब्याला अडवून धरेल. अस्तर जाड केलं तर तांब्याला जागा उरत नाही आणि सगळा फायदा गेला. पातळ करताना कुठे छिद्र राहिलं तर चिप आज चालते आणि काही महिन्यांनी मरते.

फॅबमध्ये हे किती गंभीरपणे पाळतात ते सांगते. आमच्याकडे तांब्याच्या वेफरचे डबे वेगळ्या रंगाचे, मशीन वेगळी, चिमटे वेगळे. घासल्यावर वेफरची मागची बाजू आणि कडा ॲसिडने धुवायच्या, कारण तिथे चिकटलेलं तांबं पुढच्या मशीनच्या हाताला लागतं आणि तिथून तांब्याशी संबंध नसलेल्या वेफरवर जातं. मागची बाजू तपासल्याशिवाय वेफर पुढे सोडायचा नाही. नजरेला तिथे काहीच दिसत नाही, स्वच्छ आरसा दिसतो. मोजमाप मात्र एका चौरस सेंटिमीटरवर किती अणू अशा हिशेबात येतं आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की लाइन थांबते. हे सगळे नियम आम्हाला तयार मिळाले. नव्वदच्या दशकात कुणीतरी ते पहिल्यांदा बसवले, आणि आयबीएममध्ये ते बसवणाऱ्यांत लिसा सू होत्या. तांब्याची अशुद्धी उत्पादनात आटोक्यात आणणं हे त्यांच्या कामाचं मुख्य अंग होतं. आयबीएमने हे तंत्र १९९७ च्या सप्टेंबरात जाहीर केलं आणि १९९८ ला तांब्याच्या तारांचे पॉवरपीसी प्रोसेसर बाजारात आणले. पुढे सगळा उद्योग त्याच वाटेने गेला.

सायली, इथे थोडं थांब. त्यांची पीएचडी ट्रान्झिस्टरची होती, तारांची नव्हे. धातू हा त्यांचा विषयच नव्हता. त्यांनी स्वतः सांगितलं आहे की तांबं माझी खासियत नव्हती, जिथे अडचणी होत्या तिकडे मी सरकत गेले. आणि तांब्याची अडचण एका विभागाची नव्हती. मुलामा देणारे, घासणारे, अस्तराचे लोक, चिप किती वर्षं टिकेल हे तपासणारे, सर्किटवाले, प्रत्येकाला वाटायचं दोष शेजारच्याचा. असं काम पुढे न्यायचं तर एकाला सगळ्यांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या भाषेत कळावं लागतं. तुझ्या सहकाऱ्याच्या मते जिथे इंजिनिअरिंग संपून मॅनेजमेंट सुरू होतं, ती जागा मला तांब्याच्या कामात सापडत नाही. दोन्ही एकाच टेबलावर चाललेलं होतं.

नंतरची वर्षं भराभर सांगते. २००० साली वर्षभर त्या आयबीएमचे सीईओ लू गर्स्टनर यांच्या तांत्रिक सहायक होत्या. अशी संधी मिळालेली माणसं सहसा वरच्या मजल्यावरच राहायचं बघतात. त्या परत आल्या आणि 'एमर्जिंग प्रॉडक्ट्स' नावाचा नवा विभाग घेतला, ज्यात सुरुवातीला त्या एकट्याच होत्या. मी स्वतःचीच डायरेक्टर होते अशा अर्थाचं त्या बोलल्या आहेत. मग सोनी आणि तोशिबाबरोबरची सेल चिप, जी २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये गेली. त्यानंतर आयबीएमच्या सेमीकंडक्टर संशोधन-विकास केंद्राची धुरा.

२००७ मध्ये फ्रीस्केलच्या सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञान प्रमुख. ही मोटोरोलातून निघालेली कंपनी, नुकतीच खासगी गुंतवणूकदारांनी १७.६ अब्ज डॉलरला घेतलेली, बरंचसं कर्ज काढून. वर्षभराने २००८ ची मंदी. त्याच वर्षी त्यांनी नेटवर्किंग आणि मल्टिमीडिया हा धंद्याचा विभाग हातात घेतला. फ्रीस्केल २०११ ला परत शेअरबाजारात आली आणि २०१२ च्या जानेवारीत लिसा सू एएमडीत.

माझ्या मते फ्रीस्केलबद्दल लोक फार कमी बोलतात. कर्जबाजारी चिप कंपनीत कुठल्या प्रोजेक्टला पैसे द्यायचे आणि कुठलं बंद करायचं, हा अनुभव त्यांना तिथे पुरेपूर मिळाला. एएमडीत हेच करावं लागणार होतं.

प्रसन्न_बंगळूर

अनघाताई, तांब्याचं सुंदर लिहिलंत, मी डिझाइनमध्ये असून एवढं माहीत नव्हतं. पण एक शंका. एएमडीला वाचवलं ते झेन आर्किटेक्चरने, म्हणजे प्रोसेसरच्या नव्या मूळ रचनेने, आणि झेनचं श्रेय चिप आर्किटेक्ट जिम केलर यांचं. ते २०१२ च्या ऑगस्टमध्ये आले, त्यांना आणलं सीटीओ मार्क पेपरमास्टर यांनी. लिसा सू सीईओ झाल्या २०१४ च्या शेवटी, तोवर झेनचं काम सुरू होतं. मग हे फळ त्यांच्या हाती आयतं पडलं असं का म्हणू नये? सायलीचा सहकारी तिरकस बोलला असेल, पण सीईओला इंजिनिअर म्हणून गौरवताना खऱ्या इंजिनिअरांचं श्रेय जातं, हेही बघायला हवं.

अनघा_सीएमपी

प्रसन्न, शंका रास्त आहे आणि तारखाही बरोबर. केलर यांचं काम मोठंच. त्यांच्याबरोबर माइक क्लार्क यांचं नाव घ्यायला हवं, ते झेनचे प्रमुख आर्किटेक्ट आणि १९९३ पासून एएमडीतच. झेन लिसा सू यांनी आखलं असं कुणी म्हणत असेल तर ते चूकच.

पण केलर २०१५ च्या सप्टेंबरात एएमडी सोडून गेले, आणि झेनवर बेतलेलं रायझन बाजारात आलं २ मार्च २०१७ ला. मधलं दीड वर्ष बघा. घाटवाट यांनी वर दिलेले आकडे त्याच काळातले. खिशात पैसे नाहीत, आणि ज्या चिपवर सगळं अवलंबून आहे तिला अजून अवकाश आहे. प्रोसेसरचं आर्किटेक्चर कोऱ्या कागदापासून दुकानात यायला चार-पाच वर्षं लागतात. या काळात कंपनी जगवायची, आणि तीही झेनच्या टीमचे पैसे न कापता, हा निर्णय कुणाचा?

त्यांनी काय काय सोडलं ते पाहिलं की कळतं. सीमायक्रो ही दाट सर्व्हर बनवणारी कंपनी एएमडीने २०१२ मध्ये ३३.४ कोटी डॉलरला घेतली होती, तो धंदा २०१५ च्या एप्रिलमध्ये बंद केला. झेनबरोबर एआरएमवर (फोनच्या प्रोसेसरांत असते ती रचना) आधारलेला के१२ नावाचा कोअरही, म्हणजे प्रोसेसरचा गाभाही, चालू होता, तो बाजूला ठेवला. फोनच्या चिपच्या मागे सगळा उद्योग धावत होता, तिकडे गेल्या नाहीत. मलेशियातल्या पेनांग आणि चीनमधल्या सूचौ इथल्या पॅकेजिंग-टेस्टिंगच्या कारखान्यांतला ८५ टक्के हिस्सा २०१६ मध्ये विकला, सुमारे ३७ कोटी डॉलर आले. आणि गेम कन्सोल. २०१३ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आठवडाभराच्या अंतराने आले, दोन्हींत एएमडीची चिप. सू तेव्हा धंद्याच्या विभागांच्या प्रमुख होत्या. त्या आल्या तेव्हा पीसीबाहेरची विक्री दहा टक्क्यांच्या घरात होती, तीन वर्षांत ती ४० टक्क्यांवर गेली. कन्सोलच्या चिपवर नफ्याचं प्रमाण कमी, पण पैसे नियमित. झेन येईपर्यंत चूल त्यावर पेटती राहिली.

आता माझ्या विषयातलं. एएमडीने स्वतःचे फॅब २००९ मध्ये वेगळे काढले, तेच ग्लोबलफाउंड्रीज. पण करार असा की वेफर त्यांच्याकडूनच बऱ्याच प्रमाणात घ्यायचे. २०१६ मध्ये सू यांच्या एएमडीने हा करार बदलून घेतला. काही चिप दुसऱ्या फॅबकडून करून घेण्याची मोकळीक मिळावी म्हणून ग्लोबलफाउंड्रीजला दहा कोटी डॉलर रोख मोजले आणि त्यांच्या मालकांना एएमडीचे शेअर घेण्याचे हक्क दिले. मागच्या वर्षी ६६ कोटींचा तोटा झालेली कंपनी नुसत्या मोकळिकीसाठी दहा कोटी मोजते! मी हे वाचलं तेव्हा फॅबमध्येच होते आणि आमच्या कँटीनमध्ये यावर बराच वाद झाला. माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे की हा त्यांचा सर्वांत धीट निर्णय. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचं, म्हणजे पुढच्या पिढीच्या चिपचं तंत्र सोडून दिलं, आणि एएमडीने त्याच दिवशी जाहीर केलं की आमचं ७ नॅनोमीटरचं सगळं काम तैवानच्या टीएसएमसी या फॅब कंपनीकडे. तयारी आधीची होती म्हणून हे एका दिवसात सांगता आलं.

दुसरा निर्णय चिपलेटचा. मोठ्या सर्व्हर चिपचा एकच भलाथोरला तुकडा करायचा तर वेफरवरचा एखादा दोष पूर्ण तुकडा वाया घालवतो. तुकडे लहान केले की तोच दोष एक लहान तुकडा घेऊन जातो, बाकीचे वाचतात. २०१९ च्या दुसऱ्या पिढीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरमध्ये आठ लहान तुकडे टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर, प्रत्येकी सुमारे ७४ चौरस मिलिमीटर, आणि मध्ये बाहेरच्या जोडण्यांचा एक मोठा तुकडा ग्लोबलफाउंड्रीजच्या १४ नॅनोमीटरवर. कोअर एकूण ६४. महाग वेफर जिथे वेग हवा तिथेच लावला, आणि जुन्या फॅबला द्यायच्या वेफरचीही सोय झाली. कल्पना इंजिनिअरांची, कबूल. पण ज्या बाईने वेफर आणि यील्ड (वेफरमागे किती चिप चांगल्या निघतात) स्वतः बघितले आहेत तिला हा प्रस्ताव ऐकताना दुभाषा लागला नसणार. कंपनी पणाला लावून हो म्हणायला ती समज लागते.

एका बाबतीत मात्र मी त्यांना पूर्ण गुण देत नाही. सगळी ताकद प्रोसेसरवर लावली तेव्हा ग्राफिक्स आणि त्याचं सॉफ्टवेअर मागे पडलं. एनव्हिडियाचं कुडा, म्हणजे ग्राफिक्स चिपवर इतर गणितं चालवायचं सॉफ्टवेअर, २००७ पासून विद्यापीठांत पोचलं होतं. एएमडीचं सॉफ्टवेअर कितीतरी वर्षं त्या मानाने कच्चं राहिलं आणि एआयची लाट आली तेव्हा ते महागात पडलं. एएमडीची एआयसाठीची एमआय३००एक्स आली २०२३ च्या डिसेंबरात. चिप तगडी होती, पण खरेदी करणारे आधी विचारायचे की माझा कोड यावर तसाच चालेल का. हातात पैसे नसताना एकच घोडं पोसता येतं हे मला समजतं. तरी किंमत मोजावी लागली ती लागलीच.

प्रसन्न_बंगळूर

करार २०१६ मध्येच बदलून घेतला होता हे ठाऊक नव्हतं. श्रेयाबद्दलचा मुद्दा मी थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. :)

मुक्ता

मी फिजिकल डिझाइनमध्ये (चिपवर कुठला भाग कुठे बसेल ते आखण्याचं काम), बंगळूरला. सायली, "बायकांनी मॅनेजमेंटला जावं" हे मीही ऐकलं आहे, तेही बायकांकडूनच जास्त. मला यात दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत.

लिसा सू यांचं उदाहरण मोठं आहे. आयईईईचं रॉबर्ट नॉइस पदक २०२१ मध्ये त्यांना मिळालं, ते मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आपल्याकडे एएमडी इंडियाच्या प्रमुख जया जगदीश आहेत, त्याही चिप डिझाइनमधूनच वर आल्या. पण ही उदाहरणं दाखवून प्रत्येक हुशार मुलीला मॅनेजरच्या शिडीवर ढकलतात, ते मला पटत नाही. अनघाताईंनी माइक क्लार्क यांचं नाव घेतलं. ते कॉर्पोरेट फेलो आहेत, म्हणजे तांत्रिक शिडीवरच इतके वर गेले. मोठ्या चिप कंपन्यांत ही दुसरी शिडी असते: प्रिन्सिपल, मग फेलो. माझ्या पाहण्यात तिथे बायका मॅनेजरांपेक्षाही कमी आहेत. डिझाइन रिव्ह्यूत आर्किटेक्टच्या खुर्चीवर बाई दिसणं अजून नवलाचं आहे. म्हणून तू तांत्रिक राहिलीस तरी ते मागे राहणं नाही, हे कुणीतरी तुला सांगायला हवं, ते मी सांगते.

आणि टेपआउटच्या रात्रींचं म्हणशील तर मॅनेजरची सुटका होते हे कुणी सांगितलं? आमची मॅनेजर शेवटच्या आठवड्यात आमच्याआधी येते आणि आमच्यानंतर जाते.

अनघा_सीएमपी

मुक्ता, शंभर टक्के. फेलोच्या शिडीबद्दल मी लिहायला हवं होतं, तू माझ्यापेक्षा नेमकं लिहिलंस.

सायली_व्ही

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. अनघाताई, तुमचे दोन्ही प्रतिसाद प्रिंट काढून वाचले. तांब्याचं वाचताना वाटलं की आमच्याकडेही नेमकं हेच चालतं. बग सापडला की डिझाइनवाले म्हणतात टेस्टबेंच (आमचा चाचणीचा कोड) चुकीची, आम्ही म्हणतो आरटीएल (त्यांचा डिझाइनचा कोड) चुकीचं, आणि स्पेक, म्हणजे चिपने काय करायचं ते लिहिणारा रजेवर. गेल्या प्रोजेक्टला दोन क्लॉक डोमेनच्या (वेगवेगळ्या क्लॉकवर चालणाऱ्या भागांच्या) सीमेवरचा एक बग होता, जो सिम्युलेशनमध्ये कधी यायचा, कधी नाही. तीन टीमना एका खोलीत बसवून मीच त्याचा छडा लावला. डायरेक्टरनी पदासाठी माझं नाव काढलं ते त्यानंतरच.

आता सरळ विचारते. मुक्ताताई म्हणतात तशी तांत्रिक शिडी आमच्याकडे कागदावर आहे, पण आमच्या साइटवर त्या पदावर कुणी नाही. मग मॅनेजरपदाला हो म्हणायचं असेल तर म्हणण्याआधी काय विचारून घ्यावं, म्हणजे मी फक्त हजेरी आणि अप्रेझल सांभाळणारी होणार नाही?

अनघा_सीएमपी

तो क्लॉकचा बग तू आधी सांगायला हवा होतास, माझा अर्धा प्रतिसाद वाचला असता. तू ते काम करून बसली आहेस, पद नंतर येतंय.

विचारायच्या गोष्टी सांगते. टेपआउटच्या आधी व्हेरिफिकेशन पुरं झालं यावर सही कोणाची? तुझी असेल तर पद खरं आहे. सही डायरेक्टरची आणि कव्हरेजचे (डिझाइन किती तपासून झालं त्याचे) आकडे गोळा करणं तुझं, असं असेल तर तुझ्या सहकाऱ्यांचं एक्सेलचं भाकीत खरं ठरेल. मग आर्किटेक्चरचा स्पेक लिहिला जातो त्या बैठकांना तू असणार का, हे विचार. व्हेरिफिकेशनवाल्यांना बहुतेक ठिकाणी स्पेक पक्का झाल्यावर बोलावतात आणि तिथेच अर्ध्या बगांची सोय झालेली असते. तिसरं, माणसं आणि वेळ कमी पडली तर कुठलं फीचर सोडायचं यात तुझं मत धरणार का? एएमडीचं वर लिहिलं ते याचसाठी. काय करायचं नाही हे ठरवण्यात ज्याला आवाज नाही त्याच्याकडे नुसता ताण येतो.

एखादा ब्लॉक स्वतःकडे ठेवायचा का, असं तुझ्या मनात येईल. माझं मत: लहान ठेव, आणि जो वेळापत्रकाच्या आड येणार नाही असा ठेव. दहा जणांचं काम तुझ्या कोडसाठी अडकलं तर टीम चिडेल आणि त्यांचं बरोबर असेल. पण दर आठवड्याला एखादा अवघड फेल्युअर कुणा ज्युनियरबरोबर बसून शेवटपर्यंत खणून काढ. वेव्हफॉर्म वाचायची सवय त्याने टिकते, आणि कोण किती पाण्यात आहे हे तुला अप्रेझलच्या फॉर्मशिवाय कळतं.

मुक्ताने सांगितलेली शिडीही सोडू नकोस. दोन वर्षांनी तांत्रिक बाजूला परत यायचं म्हटलं तर दर्जा आणि पगार तोच राहील का, हे आत्ताच विचारून ठेव. चांगल्या जागी हे मिळतं.

हे सगळं डायरेक्टरना समोर बसून विचार, पण त्याच संध्याकाळी बोलणं मेलमध्ये लिहून पाठव, "आज आपलं असं ठरलं" म्हणून. सहीबद्दल काय म्हणतात ते कळव. धाग्यावर लिहिणं अवघड असेल तर व्यक्तिगत निरोप कर.